पाटी त्यांची, गल्ला आपला

आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील मुलांना मोठेपणी काय व्हायचे असे विचारले, तर उत्तरे ठरलेली असत. शिक्षक, तलाठी, पोलीस, एस.टी.तील वाहक, बँकेतील लिपिक. त्या उत्तरांत गैर काही नव्हते. दरमहा एक तारखेला येणाऱ्या पगाराने कितीतरी घरांना पक्क्या भिंती दिल्या आणि पुढच्या पिढीला महाविद्यालयाचा उंबरठा दाखवला. आज त्या जागा आटल्या आहेत. ज्या उरल्या त्यांतील पुष्कळशा कंत्राटी झाल्या आहेत. अशा वेळी सटाणा, नामपूर, ताहाराबाद, देवळा या परिसरातील आपल्या तरुणांच्या बोलण्यात एक नवा शब्द वरचेवर ऐकू येऊ लागला आहे. तो शब्द म्हणजे फ्रँचायझी. चहाची, वडापावची, आइस्क्रीमची, औषधांची, कुरिअरची, शिकवणी वर्गांची. कर सल्लागार म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत गेल्या काही वर्षांत या करारांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. हे करार बहुतेक वेळा सही झाल्यानंतर माझ्यापर्यंत येतात. या लेखाचे कारण तेच आहे.

शब्द नवा असला तरी व्यवहार जुना आहे. नाव दुसऱ्याचे, माल किंवा कृती दुसऱ्याची, नियम दुसऱ्याचे. जागा, भांडवल, मेहनत आणि जोखीम आपली. पेट्रोल पंप, गॅस एजन्सी, दुधाचे पार्लर, एमएस-सीआयटीचे केंद्र ही सारी याच कुळातली. पुण्यातील येवले अमृततुल्य किंवा मुंबईत २००१ साली मालाड स्थानकाबाहेर सुरू झालेला जम्बोकिंग यांनी हा व्यवहार चहा आणि वडापाव यांच्यापर्यंत आणला एवढेच.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या व्यवहारात एक गोष्ट खास मोलाची आहे आणि तिचा उच्चार सहसा कोणी करत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर शेअर व रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी सुरू केली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही कथा. खेड्यात चहाची टपरी किंवा खाणावळ काढणाऱ्याची गत काय होत असेल, हे आपल्या आजोबांना विचारायची गरज नव्हती. खाद्यपदार्थांचा धंदा हा जातीने आपल्यासाठी बंद ठेवलेला धंदा होता. फ्रँचायझीच्या पाटीवर मालकाचे आडनाव नसते. हमरस्त्यावर गाडी थांबवून चहा पिणारा माणूस पाटी वाचतो, चव घेतो, पैसे देतो आणि जातो. जो दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या बंद होता तो अशा रीतीने किलकिला झाला आहे. म्हणूनच आपली मुले त्या दरवाजातून आत जाऊन वर्षभरात कर्ज घेऊन बाहेर पडतात, तेव्हा नुकसान एका घरापुरते राहत नाही. ‘आपल्या लोकांना धंदा जमत नाही’ हे वाक्य पुन्हा एकदा खरे ठरल्यासारखे वाटू लागते. ते खरे नाही. जे शिकवलेच गेले नाही ते जमले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

व्यापारी घरातील मूल दहाव्या वर्षी दुकानात बसते. मोड मोजते, उधारीचे गिऱ्हाईक ओळखते, माल कधी भरायचा आणि कधी हात आखडता घ्यायचा हे वडिलांच्या चेहऱ्यावरून शिकते. त्या शिक्षणाची फी कोणी भरत नाही आणि त्याचे प्रमाणपत्रही कोणी देत नाही. आपल्या घरात ती गादी नव्हती. फ्रँचायझी देणारी कंपनी आठ-दहा दिवसांच्या प्रशिक्षणात चहा कसा उकळायचा, गणवेश कसा घालायचा, बिलाचे यंत्र कसे चालवायचे हे शिकवते. गादीवरचे शिक्षण ती देत नाही. ते तिचे काम आहे असे ती मानतही नाही.

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, पण ते वास्तवापासून फार दूर नाहीत. चहाचा कप १० रुपयांना. दूध, साखर, कंपनीची पावडर आणि कागदी कप मिळून साडेचार रुपये. म्हणजे कपामागे साडेपाच रुपये हाती. गाळ्याचे भाडे १५,००० रुपये, तीन कामगारांचे ३६,००० रुपये, वीज व गॅस १०,००० रुपये, किरकोळ खर्च ३,६०० रुपये. ८ लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे १७,४०० रुपये. बेरीज झाली ८२,००० रुपये. ती साडेपाचने भागली की महिन्याला सुमारे १५,००० कप, रोजचे ५०० कप होतात. पहाटे सहापासून रात्री आठपर्यंत दुकान उघडे ठेवले, तर दर शंभर सेकंदांना एक कप विकला गेला पाहिजे, एकही दिवस सुट्टी न घेता. आणि एवढे झाल्यावर मालकाच्या घरात किती गेले? शून्य. घरखर्चाला २०,००० रुपये हवे असतील, तर रोजचे सव्वासहाशेच्या आसपास कप लागतात. तेवढी विक्री झाली, तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाते, जीएसटीची नोंदणी बंधनकारक होते आणि त्या साडेपाच रुपयांतून करही जाऊ लागतो.

आणखी एक बाब फार थोड्यांना माहीत असते. फ्रँचायझीच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. शुल्क ५ लाख असेल, तर प्रत्यक्ष देणे ५ लाख ९० हजार. इतर व्यापारात असा भरलेला कर पुढे वळता करून मिळतो. उपाहारगृहांना लागू असलेल्या ५ टक्क्यांच्या दरात ती सवलत नाही. ते ९० हजार गेले ते गेलेच. जाहिरातीत ‘रॉयल्टी शून्य’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, तेही खरे असू शकते. पण पावडर, मसाला, कप कंपनीकडूनच घेण्याची अट असेल, तर रॉयल्टी त्या मालाच्या किमतीत बसलेली असते. हे पाप नव्हे, तो त्यांचा व्यवसाय आहे. आपल्याला ते वाचता आले पाहिजे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमूलचे. अमूलच्या पार्लरला रॉयल्टी नाही, नफ्यात वाटा नाही, आणि कंपनीने जाहीर केलेली दलालीही उघड आहे: पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, दुग्धजन्य पदार्थांवर १० टक्के, आइस्क्रीमवर २० टक्के. हे आकडे नीट पाहिले की कळते की गिऱ्हाईक दुधासाठी येते, पण घर चालते आइस्क्रीम आणि पनीरवर. ज्याने सकाळी दूध विकून दुपारी दुकान बंद केले, त्याने कष्टाचा भाग ठेवला आणि मिळकतीचा भाग सोडला.

कंपनी जो अंदाजपत्रकाचा कागद दाखवते, तो बहुधा पुण्या-मुंबईच्या चौकातला असतो. सटाण्याचे अर्थकारण निराळे आहे. बागलाणचा पैसा कांदा, डाळिंब आणि द्राक्ष यांच्या मागे चालतो. कांद्याला भाव असला की बाजार समितीच्या आवारापासून बसस्थानकापर्यंत प्रत्येक दुकानात वर्दळ असते. भाव कोसळला की त्याच रस्त्यावर दुपारी शुकशुकाट होतो. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा कापडापासून सोन्यापर्यंत सगळ्या पेढ्यांनी त्याची झळ सोसली. देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेत जी विक्री होते, ती उरलेल्या महिन्यांत होत नाही. ज्या तरुणाने यात्रेच्या दिवसांत दुकान उघडले आणि पहिल्या पंधरवड्याच्या गल्ल्यावरून वर्षाचा हिशेब बांधला, त्याला मार्च-एप्रिलमध्ये धक्का बसणारच. बँकेचा हप्ता मात्र कांद्याचा भाव विचारून येत नाही. निदान सहा महिन्यांचे भाडे, पगार आणि हप्ते हाताशी ठेवल्याशिवाय दुकानाची फीत कापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे सारा पैसा सजावट आणि उद्घाटनात जातो. खेळते भांडवल ही शिल्लक राहिली तर ठेवायची गोष्ट समजली जाते.

कराराबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार अधिनियम, १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम आणि इतर सर्वसाधारण कायदे यांच्या आधारे हे व्यवहार चालतात. अमेरिकेत १९७९ पासून असा नियम आहे की, फ्रँचायझी देणाऱ्याने स्वतःविषयीची ठरावीक माहिती लेखी द्यायची: चालकांचा पूर्वेतिहास, न्यायालयीन दावे, सर्व शुल्के, किती दुकाने उघडली आणि किती बंद पडली. ही माहिती सही करण्याच्या किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी द्यावी लागते. आपल्याकडे असे बंधन नसल्याने हे प्रश्न आपणच विचारायचे आहेत. किती दुकाने बंद पडली हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा सूर बदलला, तर तेही एक उत्तरच आहे.

करारात पाहायच्या जागा ठरलेल्या असतात. आपल्या दुकानापासून किती अंतरात कंपनी दुसरे दुकान देणार नाही? करार किती वर्षांचा, आणि नूतनीकरणाला पुन्हा पूर्ण शुल्क का? अनामत परत मिळेल ती कोणत्या अटींवर? मध्येच बंद करावे लागले तर दंड किती? वाद झाला तर न्यायालय कुठले? ‘केवळ पुणे न्यायालय’ किंवा ‘केवळ मुंबई न्यायालय’ असे लिहिलेले असते. सटाण्याच्या माणसाने प्रत्येक तारखेला तिकडे जायचे म्हणजे दाव्याच्या रकमेपेक्षा प्रवास महाग. एका निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून मुलासाठी घेतलेल्या दुकानाचा करार मी पाहिला. इंग्रजीत छापलेली बावीस पाने होती. घरातल्या कोणीही पहिले पान उलटलेले नव्हते. आठ महिन्यांनी त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, त्याच नावाचे दुसरे दुकान उघडले. करारात अंतराची अटच नव्हती, त्यामुळे तक्रार करायलाही जागा उरली नाही.

बनावट संकेतस्थळांविषयी दोन वाक्ये पुरेत. पेट्रोल पंप किंवा नामांकित दुकानाची फ्रँचायझी देतो म्हणून ‘नोंदणी शुल्क’ खासगी खात्यावर मागणारा माणूस ठग असतो. तेल कंपन्या आणि अमूल यांनी याबाबत जाहीर इशारे दिलेले आहेत.

आता एक चांगले उदाहरण, आपल्याच राज्यातले. २००१ साली राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले. त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या अधिकृत केंद्रांतून चालला आणि एक कोटीहून अधिक लोक त्यातून संगणक शिकले. केंद्र चालवणारे बहुतेक जण लहान गावांतले पदवीधर तरुण होते. व्यवहाराचे स्वरूप फ्रँचायझीचेच: अभ्यासक्रम, संगणकप्रणाली, परीक्षेची व्यवस्था आणि शुल्क वरून ठरलेले, खोली, संगणक, वीज, विद्यार्थी आणि त्यांची बडदास्त केंद्रचालकाची. या केंद्रांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तालुक्याच्या ठिकाणी राहून, मोठ्या शहराचे तोंड न पाहता, एका पिढीने प्रवेशाचा हंगाम आणि रिकामे महिने, यंत्रांची झीज, हप्त्याने येणारी फी, शिक्षकांचे पगार हे सारे हाताळायला शिकून घेतले. सरकारी नोकरीसाठी संगणक प्रमाणपत्र आवश्यक असल्यामुळे मागणी आपोआप येत होती. ती ओसरू लागल्यावर ज्यांनी टॅली, संगणक टंकलेखन असे इतर वर्ग जोडले ते टिकले. ज्यांनी मागणी कायमची समजली त्यांच्या खोल्यांत आज धूळ खात पडलेले संगणक दिसतात. पाटी कितीही भक्कम असली तरी तिच्याखाली बसलेल्या माणसाला वारा कुठून येतो याकडे लक्ष ठेवावेच लागते.

पेट्रोल पंपाचा विषय नाजूक आहे, तरी तो टाळता येणार नाही. सरकारी तेल कंपन्यांच्या वितरकांच्या निवडीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण आहे. ते मिळवण्यासाठी लढे झाले. पण नाव आपल्या माणसाचे आणि कारभार दुसऱ्याचा, महिन्याला ठरावीक रक्कम घरपोच, अशी व्यवस्था किती ठिकाणी चालते हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. कंपनीच्या करारात अशा व्यवस्थेला मनाई आहे. उघड झाल्यास वितरकपद जाते. आणि ज्याचे नाव आहे तो मात्र कायद्याने प्रत्येक चुकीला जबाबदार राहतो. असे का होते? लोभ हे एक कारण असेल, पण माझ्या मते भीती हे मोठे कारण आहे. टँकर आला की आगाऊ पैसे भरावे लागतात. २०१७ च्या जूनपासून देशभर दर रोज बदलतात. टाकीत १२,००० लिटर माल असताना दर एक रुपयाने उतरला, तर रात्रीत १२,००० रुपये गेले. रोज सकाळी टाकीत पट्टी घालून साठा मोजायचा, घनता नोंदवायची, टँकर रिकामा करण्यापूर्वी तपासायचा, पाच लिटरच्या प्रमाणित मापाने यंत्र बरोबर माप देते की नाही पाहायचे. यातले काहीही अवघड नाही. बारावी विज्ञान शिकलेला मुलगा आठवड्यात शिकेल. पण ज्याने हे कधी पाहिलेच नाही, त्याला ते डोंगराएवढे वाटते आणि शेजारचा अनुभवी माणूस ‘तुम्ही फक्त सही करा’ म्हणतो तेव्हा हायसे वाटते. तिथेच मालकी संपते.

अंगुत्तर निकायात पापणिक सुत्त म्हणून दुकानदाराविषयीची सुत्ते आहेत. एकात सांगितले आहे की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या कामात लक्ष घालत नाही, त्याला न मिळालेले मिळत नाही आणि मिळालेले वाढत नाही. त्याच्या पुढच्या सुत्तात दुकानदाराचे तीन गुण येतात: माल कितीला घेतला, कितीला विकला आणि किती सुटले हे पाहणारी नजर, खरेदी-विक्रीचे कौशल्य, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी विश्वासाने भांडवल द्यावे अशी पत. तिसरा गुण मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे नेमकी तीच गोष्ट कमी आहे आणि तिची सुरुवात वेळेवर फेडलेल्या छोट्या उधारीपासून होते.

भांडवल अगदीच मिळत नाही असेही नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. २०१६ मधील स्टँड-अप इंडिया योजनेने अनुसूचित जाती-जमातींतील आणि महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची वाट उघडली. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २०१९ मध्ये तिला जोड देऊन अनुसूचित जाती व नवबौद्ध उद्योजकांसाठी प्रकल्पाच्या १५ टक्के रकमेचा भार उचलला, म्हणजे स्वतःचे १० टक्के आणि बँकेचे ७५ टक्के. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केल्यापासून या योजनांची माहितीही पूर्वीपेक्षा अधिक लोकांपर्यंत पोहोचते. पैसा देणाऱ्या या सर्व यंत्रणा प्रकल्प अहवाल मागतात. अर्जदाराने गल्ल्यावर किती दिवस बसून पाहिले, हे विचारले जात नाही. मी बँकेत असतो तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

घरातल्या माणसांबद्दलही बोलले पाहिजे. दुकान उघडले की भाऊबंद, मामा, मेहुणे, गावचे कार्यकर्ते यांची ये-जा सुरू होते. चहा फुकट, वडापाव फुकट, आणि वर ‘आपल्याच माणसाचे आहे’ हा अभिमान. अभिमान असावा, पण रोज २० कप अशा रीतीने गेले, तर वरच्याच हिशेबाने महिन्याला ६,००० रुपयांची विक्री गेली. मला माहीत असलेल्या एका दुकानात मालकाची बहीण गल्ल्यावर बसते. ती दहावीपर्यंत शिकलेली आहे. तिने पहिल्याच आठवड्यात एक वेगळी वही केली आणि फुकट गेलेला प्रत्येक कप त्या माणसाच्या नावासमोर लिहायला सुरुवात केली. तिने कोणाला पैसे मागितले नाहीत. वही फक्त समोर उघडी असे. महिन्याभरात लोक पैसे ठेवू लागले. तिला हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवले असते?

आपली शाळा निवासी आहे. कोठीघरात धान्य येते, तोलले जाते, साठा नोंदवहीत चढते आणि रोज खर्ची पडते. शंभर-दोनशे मुलांचे जेवण ठरलेल्या रकमेत बसवणे हा कोणत्याही दुकानापेक्षा सोपा धंदा नव्हे. नववी-दहावीच्या मुलामुलींनी आळीपाळीने एक-एक महिना ती नोंदवही ठेवावी, महिनाअखेर शिल्लक मोजावी आणि तफावत आली तर ती शोधावी, एवढे शाळा उद्यापासून सुरू करू शकते. त्यासाठी अनुदान लागत नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे माझी मागणी याहून थोडी मोठी आहे. आपल्यापैकी जे पंप, पार्लर, औषधाचे दुकान, संगणक केंद्र किंवा चहाचे दुकान चालवतात, त्यांनी शाळेतून बाहेर पडलेल्या एकेका मुलाला किंवा मुलीला सहा महिने पगार देऊन कामावर ठेवावे. झाडू मारण्यापासून रात्रीचा गल्ला मोजण्यापर्यंत सगळे करू द्यावे, आणि दर महिन्याला नफा-तोट्याचा कागद त्याच्यासमोर मांडावा. हा कागद दाखवायला आपण बिचकतो; नफा दाखवला तर मत्सर, तोटा दाखवला तर चेष्टा, असे वाटते. सहा महिन्यांनंतर त्या मुलाने स्वतःचे दुकान काढायचे ठरवले, तर करारावर सही करण्यापूर्वी तो शाळेत आणावा. तो वाचण्यासाठी एक वकील, एक लेखापाल आणि धंदा करून पाहिलेले दोन माजी विद्यार्थी दर महिन्याच्या एखाद्या रविवारी दोन तास बसू शकतात. लेखापालाची जागा भरण्याची तयारी मी येथे नोंदवतो. ज्यांची दुकाने बंद पडली त्यांनीही त्या रविवारी यावे, येताना आपला करार आणि पहिल्या वर्षाची वही आणावी. नावे झाकून त्या प्रती शाळेच्या ग्रंथालयात ठेवता येतील.